वळणापर्यंत लाल कापड

झुल्मीरा : पण टाळ्या वाजल्या ना? मग झालं तर. टाळ्या वाजल्या म्हणजे विमान उतरलं.

तेल्मा : उतरवलं नाही गं मावशी, आपटलं मी. वरचे सामानाचे कप्पे उघडले. एका बाईचा चष्मा कुठल्या कुठे गेला. आणि तरी टाळ्या.

झुल्मीरा : आपली माणसं आहेत ती. मादेराला चाकं टेकली की टाळ्या वाजवायच्या, एवढंच त्यांना ठाऊक. ती काय मार्क द्यायला बसलेली नसतात.

तेल्मा : त्याचंच जास्त लागलं मला. कुणी दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

अल्बानो : मला एकदा एक म्हातारा उतरताना म्हणाला होता, कॅप्टन, माझी कवळी तुमच्या विमानात कुठेतरी पडलीय, ती तेवढी शोधून ठेवा. आधी टाळ्या वाजवल्या त्यानं, मग कवळीचं बोलला.

झुल्मीरा : भाऊजी, ही कवळी तुम्ही माझ्या लग्नात सांगितलीत, या पोरीच्या बाप्तिस्म्याला सांगितलीत, आणि ओतीलिया गेली तेव्हा तिच्या शवपेटीशेजारी उभं राहून पाद्रीबाबांनाही सांगितलीत. आता हात धुवा आणि माशावर लिंबू पिळा.

अल्बानो : तुझ्या बहिणीला आवडायची ती गोष्ट.

झुल्मीरा : तिला तुम्ही आवडायचात. गोष्ट ती सहन करायची.

तेल्मा : मावशी, हे लाल कापड कुठून काढलंस?

झुल्मीरा : खालच्या पेटीतून. मुलगी इतक्या दिवसांनी घरी जेवतेय, टेबलावर काय वर्तमानपत्र पसरू? तुझ्या बापानं गेली चार वर्षं तेच पसरलंय.

तेल्मा : हे आईचं दोरीवरचं कापड आहे.

झुल्मीरा : दोरीवरचं नंतर झालं. आधी टेबलावरचंच होतं. माझ्या आईनं तिला लग्नात दिलेलं. मला निळं दिलं, ते मी पहिल्याच नाताळात इस्त्रीनं जाळलं. बस खाली. एश्पादा मासा गार झाला की चामड्यासारखा लागतो.

तेल्मा : जेवण झालं की मला एक फोन करायचाय. तुम्हाला आधीच सांगून ठेवते, नंतर ओरडा नको. मी नाही म्हणणार आहे.

झुल्मीरा : कशाला नाही?

तेल्मा : उद्याच्या परीक्षेला. कालचा नुसता सराव होता. परीक्षक कॅप्टन विडिगालनं आज संध्याकाळपर्यंत कळव म्हणून सांगितलंय. उद्या सकाळी लिस्बनला जायचं, दुपारी परत इथं उतरवायचं. डाव्या, कॅप्टनच्या खुर्चीत मी, तो शेजारी नुसता बघत बसणार. जमलं तर मादेराला उतरायला परवानगी असलेल्या कॅप्टनांत माझं नाव. नाही म्हटलं तर विषय संपला. कंपनी काही मला घरी बसवणार नाही. पोर्तो आहे, जिनेव्हा आहे, तिकडे कॅप्टन म्हणून जातच असते मी. फक्त इथं नाही.

झुल्मीरा : म्हणजे जगातल्या सगळ्या गावी विमान नेणार आणि आपल्या घरी येताना मागच्या खुर्चीत बसून येणार?

तेल्मा : तिकीट काढून. हो.

झुल्मीरा : भाऊजी, तोंडात काय धरलंय? बोला की काहीतरी. ही एवढीशी होती तेव्हापासून या गच्चीवर खुर्ची उलटी ठेवून तुमची टोपी घालून बसायची. आणि तुम्ही लिंबू पिळताय.

अल्बानो : तूच सांगितलंस पिळायला.

झुल्मीरा : बघा. हे असंच. ओतीलियानं यांच्याशी संसार कसा केला ते तीच जाणे.

अल्बानो : मी काही बोलणार नाही, झुल्मीरा. चांगला पायलट तो, जो जमत नसेल तेव्हा नाही म्हणतो. मीही कितीदा इथवर येऊन शेजारच्या बेटावर, पोर्तो सांतोला निघून गेलोय. लोक चिडायचे, लग्नाचे केक खराब व्हायचे. तिला नाही म्हणायचं तर तिनं म्हणावं. फक्त का म्हणतेय ते तिला नीट माहीत असावं.

तेल्मा : माहीत आहे मला.

अल्बानो : मग प्रश्नच मिटला. केळं घे तळलेलं.

झुल्मीरा : तुमचा मिटला असेल, माझा नाही. मला कुणीतरी सांगा की काल झालं काय. ते बोलणारं यंत्र असतं ना तुमच्याकडे? वारा फिरला, वारा फिरला म्हणून ओरडणारं? ते काय झोपलं होतं?

अल्बानो : झोपलं नव्हतं. गप्प बसलं होतं.

झुल्मीरा : त्यात फरक काय?

अल्बानो : पुष्कळ आहे. बघ, समोरून वारा येत असतो, तो पंखांना उचलून धरतो. तोच वारा एकाएकी पाठीमागून यायला लागला की आधार निघून जातो, विमान खाली बसतं. आपल्याकडे डोंगरावरून येणारा वारा तेच करतो, तुला काय सांगायचं. ते यंत्र पुढे नजर ठेवून असतं. असं काही दिसलं की ओरडतं. ते ओरडलं की आपण विचार करत बसायचं नाही, सगळी ताकद लावायची आणि वर निघून जायचं. पण दोन वेळा ते तोंड उघडत नाही. उडताना धावपट्टीवर एकदा चांगला वेग धरला, की जमीन सोडून थोडं वर जाईपर्यंत. आणि उतरताना शेवटच्या पन्नासेक फुटांत.

झुल्मीरा : म्हणजे गळ्याशी आलं की मिठाची गुळणी. कुणी बनवलं हो हे?

अल्बानो : शहाण्या माणसांनी. समज, तू उकळत्या तेलाची कढई घेऊन आपल्या त्या मागच्या पायऱ्या उतरतेयस. आणि मी वरून ओरडलो, झुल्मीरा, तिसऱ्या पायरीवर पाल आहे. काय करशील?

झुल्मीरा : कढई तुमच्या डोक्यावर ओतीन.

अल्बानो : त्याआधी दचकशील. मागे वळशील. पाल राहील बाजूला आणि तेल तुझ्याच पायावर सांडेल. तसंच आहे. भरधाव सुटलेल्या विमानात कानाशी कुणी ओरडलं की पायलटचा पाय ब्रेकवर जातो. आणि इथं पुढे काय आहे? खांबांवरची धावपट्टी, ती संपली की समुद्र. त्या वेगात थांबण्यापेक्षा उडून जाण्यात कमी धोका असतो. म्हणून सांगायचं असेल ते आधी सांगायचं. एकदा ती रेघ ओलांडली की माणसावर सोडायचं.

तेल्मा : शिवाय जमिनीच्या इतक्या जवळ ते फसतंही. खालच्या मोटारी बघूनसुद्धा वारा फिरला म्हणून ओरडेल. पाठ आहे मावशी मला हे सगळं. परीक्षेत लिहिलंय, नव्या मुलांना शिकवलंय.

झुल्मीरा : मग अडलं कुठे?

तेल्मा : पाठ असून अडलं, तेच तर. वळण घेतलं, समोर आले, सगळं नीट होतं. धावपट्टीजवळच्या त्या मळेवाल्या मारियानोच्या केळीची पानंसुद्धा मला दिसली. धावपट्टीचं टोक पायाखाली आलं आणि कुणीतरी खालून खुर्ची ओढून घ्यावी तसं झालं. कळलं होतं मला. पाठीला कळलं, पोटात कळलं. ताकदीच्या दांड्यावरच्या हाताला फक्त पुढे जायचं होतं. आणि मी थांबले.

झुल्मीरा : कशासाठी?

तेल्मा : आवाज येईल म्हणून. सिम्युलेटरमध्ये इतकी वर्षं तेच केलंय. आधी आवाज, मग हात. आवाज, हात. हाताला ती सवयच लागलीय. आवाज येणार नाही हे डोक्याला ठाऊक, हाताला नाही. एक श्वास गेला त्यात. तोवर चाकं आपटली.

अल्बानो : चाकांनी सोसलं.

तेल्मा : काल सोसलं, बाबा. मागे दीडशे माणसं होती, त्यांत निम्मी आपल्याच ओळखीची. ती डोलोरेसची सून होती, पोटुशी. बाहेर पडताना माझा हात धरून म्हणाली, तू होतीस म्हणून मला भीती वाटली नाही. मला तोंड लपवायला जागा नव्हती.

झुल्मीरा : विडिगाल काय म्हणाला?

तेल्मा : काही नाही. कॉफी पाजली. म्हणाला, तुला कळलं होतं, मी तुझ्या खांद्याकडे बघत होतो. परवा पुन्हा बसायचं की नाही ते तुझं तू ठरव. तोही गप्पच. सगळे गप्प. नेमकं जेव्हा कुणीतरी बोलायला हवं तेव्हा सगळे मला सोडून निघून जातात. हे यंत्रही तसंच आणि आईही तशीच.

अल्बानो : आईला कशाला मध्ये आणतेस?

तेल्मा : कारण खरं आहे. मावशीनं हे कापड पसरलं तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच चाललंय. तुमचं विमान समुद्रावर दिसलं की आई हे दोरीला लावायची. वारा कुठून येतोय, किती ओढतोय, ते तुम्हाला वरून दिसावं म्हणून. मी चिमटे धरून उभी राहायचे. आणि तुम्ही वळायला लागलात, म्हणजे खरी गरज लागायची तेव्हाच, ती झटक्यात कापड ओढून घ्यायची. मला म्हणायची, आत जा, रश्श्याकडे बघ. आणि स्वतः मागच्या खोलीत. बघवायचं नाही तिला. भ्यायची. मला वाटतं तीच भीती माझ्यात उतरलीय. तुमचं काही उतरायचं सोडून.

अल्बानो : मी एकदा विचारलं होतं तिला, मध्येच कापड का काढतेस म्हणून. म्हणाली, वाळलं म्हणून काढलं.

झुल्मीरा : वाळलं म्हणून.

अल्बानो : हो.

झुल्मीरा : भाऊजी, ते ओलं कधी असायचं? कोरडं ठणठणीत कापड घडीतून काढून दोरीवर टाकायची ती. आणि तुम्ही विश्वास ठेवलात?

अल्बानो : बायको म्हणते वाळलं, तर वाळलं. हात लावून बघायला मी वरून कसा येणार होतो?

तेल्मा : हसू नकोस ना, मावशी.

झुल्मीरा : मी हसत नाहीये. तू मला एक सांग, ती मागच्या खोलीत जायची हे तू बघितलंस?

तेल्मा : मी रश्श्यापाशी असायचे. पण ती घरात यायची. नंतर बाबा यायचे तेव्हा स्वयंपाकघरात कांदा कापत असायची.

झुल्मीरा : म्हणजे नाही बघितलंस.

तेल्मा : मग कुठे जायची?

झुल्मीरा : कुठे जाणार. ती तिथं, पाण्याच्या टाकीमागे उभी असायची. त्या अंजिराच्या अलीकडे. डोक्याच्या रुमालाचं टोक दातांत धरून. शनिवारी मी मासे घेऊन यायचे ना कामारा द लोबुशहून, तेव्हा मीही तिच्या शेजारी उभी राहिलेय. एकदा मी म्हटलं, बाई, आता यांचा पंख घसरला बघ. तर तिनं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की आठवडाभर निळा होता.

अल्बानो : टाकीमागून धावपट्टी दिसते?

झुल्मीरा : अख्खी दिसते, या टोकापासून त्या टोकापर्यंत. चाकं टेकतात तेव्हा धूर उठतो ना जरासा, तोसुद्धा दिसतो. तो धूर उठला की ती रुमाल सोडायची. मग कापडाची घडी. मग आत जाऊन कांदा. तुमच्या बुटांचा आवाज येईपर्यंत निम्मा कापून व्हायचा.

अल्बानो : आणि मी म्हणायचो, कांद्यानं डोळे लाल झाले बघ तुझे.

झुल्मीरा : ती काय म्हणायची?

अल्बानो : म्हणायची, यंदाचा कांदा फार तिखट आहे.

(डोक्यावरून एक विमान वळण घेत जातं. तिघं वर बघतात. आवाज विरत जातो.)

तेल्मा : गेलं वर. उतरलं नाही. पोर्तो सांतोला जाईल आता.

झुल्मीरा : जाऊ दे. तिकडे पोहायला बरं आहे.

तेल्मा : मावशी, पण मग कापड का काढायची? भीत नव्हती तर?

झुल्मीरा : भीत नव्हती असं कुठे म्हटलं मी? दगड होती का ती? पण काढायची ते भीतीनं नाही. आम्ही कोळ्याच्या पोरी गं. तुझे आजोबा त्याच काळ्या माशामागे जायचे, हा ताटात आहे ना, त्याच्या. सकाळी बोटी परत यायच्या तेव्हा आम्ही सगळ्या किनाऱ्यावर. बोट लांब असेपर्यंत काय वाट्टेल तो आरडाओरडा. डावीकडे लाट मोठी आहे, उजवीकडून घ्या, दगडावर पाणी चढलंय, रुमाल हलवा, पातेली वाजवा. पण बोट एकदा खाडीच्या तोंडाशी, त्या दोन खडकांमध्ये शिरली, की सगळ्या चिडीचूप. रुमालाचं टोक दातात. पोरगं रडलं तर त्याच्या तोंडात साखर. बोट वाळूला लागेपर्यंत एकीनं ब्र काढायचा नाही.

तेल्मा : कशासाठी?

झुल्मीरा : माझ्या आजीच्या भावासाठी. तो खडकांत शिरला होता, हात वल्ह्यावर, सगळं नीट चाललं होतं. त्याच्या बायकोला मागून लाट येताना दिसली. ओरडली बिचारी, लाट, लाट म्हणून. त्यालाही ती लाट कळलीच होती, पाठीला कळतं की. पण बायकोचा आवाज आला म्हणून त्यानं मान वळवली. तेवढंच. बोट खडकावर गेली, त्याचा पाय गेला. जन्मभर मग चर्चच्या पायरीवर बसून जाळी विणायचा, आणि ती त्याला डबा घेऊन जायची. तो तिला कधी काही बोलला नाही म्हणतात. तीही नंतर फारशी कुणाशी बोलली नाही. तेव्हापासून आमच्याकडे तोंडाशी आलेल्या बोटीला हाक मारत नाहीत.

तेल्मा : हे आईनं मला कधी सांगितलं नाही.

झुल्मीरा : तुला रश्श्याकडे पाठवायची ते काय रश्श्यासाठी? तू वटवट्या होतीस. बाबा, बाबा करून गच्ची डोक्यावर घेतली असतीस.

तेल्मा : वरून काय ऐकू येणार होतं?

झुल्मीरा : हे तिलाही कळत होतं. पण सवय ती सवय. आणि कापड तर दिसत होतं ना वरून? मला म्हणायची, त्यांनी वळणापर्यंत बघावं, किती बघायचं ते. वळले की मग माझ्या गच्चीकडे नाही, पुढे बघावं. म्हणून काढून घ्यायची.

अल्बानो : पण मला का नाही सांगितलं? इतकी वर्षं मी समजत होतो, ती आत आहे. तिला हे सगळं नको वाटतं. मी निवृत्त झालो तेव्हा मनात म्हटलंसुद्धा, सुटली बिचारी.

झुल्मीरा : सांगितलं असतं तर तुम्ही वळणावर टाकीकडे बघितलं असतंत.

अल्बानो : मी? विमान चालवताना?

झुल्मीरा : लग्नाआधी मोटारसायकलवरून आमच्या गल्लीत आला होतात, तिच्या खिडकीकडे बघत बघत सरळ कोबीच्या गाड्यात घुसलात. गुडघ्यावर अजून खूण असेल. ती मला म्हणाली होती, झुल्मीरा, हा माणूस चांगला आहे, पण याला मी कुठे उभी आहे ते कळता कामा नये.

तेल्मा : बाबा, कोबीचं कधी सांगितलं नाहीत.

अल्बानो : कवळीचं सांगत होतो ना. एका माणसानं किती सांगायचं.

तेल्मा : बाबा?

अल्बानो : काही नाही. लिंबू उडालं डोळ्यात.

झुल्मीरा : यंदाचं लिंबू फार आंबट आहे.

अल्बानो : झुल्मीरा, तू पण ना. थांब, मला आठवतंय काहीतरी. ते बोलणारं यंत्र आमच्या विमानांत पहिल्यांदा आलं, तेव्हा मी घरी येऊन ओतीलियाला मोठ्या कौतुकानं सांगत होतो. इथंच, या टेबलाशी. तोवर आमचं सगळं डोळ्यांवर चालायचं. झाडं बघायची, पाण्यावरच्या रेघा बघायच्या, खालचा हवामानवाला बेन्तो रेडिओवर म्हणायचा, आज वाऱ्याला अंगात आलंय कॅप्टन, जपून. आणि हे कापड. तर मी तिला म्हटलं, आता तुझ्या कापडाला सुट्टी, आता यंत्रच सांगणार. ती ऐकत होती. मग मी म्हटलं, पण गंमत बघ, अगदी शेवटी ते गप्प बसतं. मुद्दाम. आणि ती जी हसायला लागली, हातातला चमचा खाली ठेवून हसली. म्हणाली, तुमच्या त्या इंजिनिअरला कुणातरी कोळिणीनं वाढवलेलं असणार. मला काही कळलं नाही. मी आपला हसलो, ती हसते म्हणून.

झुल्मीरा : आज कळलं.

अल्बानो : आज कळलं. आणि सुट्टीबिट्टी काही घेतली नाही तिनं. माझ्या शेवटच्या दिवसापर्यंत कापड दोरीवर असायचं.

तेल्मा : तुम्ही बघायचात? यंत्र असूनही?

अल्बानो : वळणापर्यंत.

तेल्मा : आणि ते काढून घेतल्यावर काय वाटायचं?

अल्बानो : खरं सांगू? पहिल्यांदा राग यायचा. मग सवय झाली. कापड गेलं म्हणजे आता आपण आणि धावपट्टी. हात आपोआप घट्ट व्हायचे. ती कापड काढायची तो मला इशाराच झाला होता, आता कुणी काही सांगणार नाहीये बाबा, आता जे पाठीला कळेल ते लगेच कर. इतकी वर्षं मला वाटत होतं ही माझीच हुशारी.

झुल्मीरा : वाटू द्यायची ती तुम्हाला. पुष्कळ गोष्टी वाटू द्यायची.

तेल्मा : म्हणजे तुमच्या हाताची सवय उलटी होती. तिकडचं बोलणं थांबलं की हात जागा. माझा आवाज येईपर्यंत झोपलेला.

अल्बानो : काल नव्हता झोपलेला. तूच म्हणालीस, त्याला पुढे जायचं होतं. तू त्याला अडवलंस. मुलगी चांगल्या घरची, परवानगीची वाट बघत राहिली.

तेल्मा : चेष्टा करू नका.

अल्बानो : बरं, नाही करत. तुला फोन करायचा होता ना.

झुल्मीरा : आधी जेवू द्या तिला. फोन कुठे पळत नाही.

तेल्मा : नाही मावशी, मला आत्ताच करू दे. नंतर मी पुन्हा विचार करत बसेन. बाबा, तुम्ही काही बोलणार आहात?

अल्बानो : मघाशी बोलायचं ते बोललो. आता तू खडकांत आहेस.

तेल्मा : हॅलो, कॅप्टन विडिगाल? तेल्मा बोलतेय. जेवत होतात का? बरं. नाही, नाही, घरीच आहे, गच्चीवर. हो, आम्ही पण आत्ता बघितलं, गेलं वरच्या वर. उद्यासाठी फोन केला. हो. नाही, ठरवलंय. येते मी. हो, डाव्या खुर्चीत. एक सांगायचं होतं, शेवटच्या भागात मला थोडं जरी खटकलं तर मी वर निघून जाईन, कशाचीच वाट बघणार नाही. लोक चिडले तर चिडू देत. काय? हो, मला माहीत आहे तुम्ही खांद्याकडे बघता ते. उद्या बघा. ठेवते.

झुल्मीरा : बाई गं. मला कांदा कापायची वेळ आली.

तेल्मा : काय झालं तुला रडायला? तूच तर मागे लागली होतीस.

झुल्मीरा : मागे लागणं वेगळं आणि होणं वेगळं. खा आता, चामडं झालंय त्याचं. तो लसणाचा पाव पण दगड झाला असेल. भाऊजी, तुम्ही कुठे निघालात?

अल्बानो : टाकीमागे उजेड किती पडतो ते बघून येतो.

झुल्मीरा : ताट टाकून?

अल्बानो : आलोच.

तेल्मा : जाऊ दे त्यांना, मावशी.

झुल्मीरा : तिथं बादल्या ठेवल्यात, अडखळतील. भाऊजी, डावीकडे बादली आहे. ऐकताय का? डावीकडे.

अल्बानो : ऐकलं. अजून वळलो नाहीये मी, चालेल बोललीस तर.

तेल्मा : दिसतं का हो तिथून?

अल्बानो : दिसतं.

तेल्मा : सगळं?

अल्बानो : सगळं. इथं भिंतीला एक जागा आहे, खांदा टेकून टेकून रंग गेलाय. मी दोनदा घर रंगवलं, दोनदा म्हटलं, इथलाच रंग का टिकत नाही.

झुल्मीरा : या आता परत. तुमच्या वाटचं केळं मी खाल्लं.

तेल्मा : बाबा, हे कापड उद्या दुपारी दोरीला लावाल?

अल्बानो : झुल्मीरानं त्याच्यावर मासा सांडलाय.

झुल्मीरा : मी नाही, तुम्ही. लिंबू पिळताना. द्या इकडे, धुऊन टाकते. या वाऱ्यात लगेच वाळेल. आणि उद्या ओलं असलं तरी बरंच, निदान तुमच्या बायकोचं म्हणणं एकदा तरी खरं होईल.

तेल्मा : वरून लाल दिसेल का अजून? विटलंय फार.

अल्बानो : दिसेल. तुला कुठे बघायचं ते माहीत आहे.

तेल्मा : मी समुद्रावरून येईन तेव्हा असू दे. वळायला लागले की काढून घ्या.

अल्बानो : घेईन.

तेल्मा : झटक्यात. आई काढायची तसं. तुमचा खांदा दुखतो ना, मावशीला सांगा.

अल्बानो : मीच काढीन.

तेल्मा : आणि मग तुम्ही कुठे असाल?

अल्बानो : मी? मागच्या खोलीत.